करंट गेल्यावर

वडगावात दुपारी करंट गेला
की अख्खी गल्ली एकदम बहिरी होते.
तेवीस माग थांबतात, आमचे दोन धरून.
धोटे जिथल्या तिथं.
शेजारची गंगव्वा उंबऱ्यावर पाय पसरून बसते.
अशाच एका दुपारी मला ऐकू आला
न थांबलेला चोविसावा.

गळ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून मोजलं:
मिनिटाला एकशेबत्तीस.
आमचा जॉबर म्हणतो, या वेगावर माग चालवला
तर आठवड्यात पट्टा जळेल.

चार महिने हेच चाललं होतं म्हणे.
पाच भाकऱ्या खाऊन उठायची
नि परत दुरडीत हात.
वजन मात्र उतरत गेलं,
बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या.
जाऊ म्हणाली, काय लावलंयस गं, सांग की आम्हाला पण.
मार्गशीर्षात घर चादरीत, मी उघड्या फरशीवर,
वर पंखा.
मग एक दिवस तुटलेल्या ताराची गाठ बसेना.
चौदाव्या वर्षापासून डोळे झाकून मारलेली गाठ!
बोटं थरथरत राहिली
दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.
तेव्हा घाबरले. वजनाला नाही.

डॉक्टर हिरेमठ कानडीत विचारतात, मी मराठीत सांगते,
रिपोर्ट इंग्रजीत. तिघांचं बरं जमतं.
पाकिटाच्या पाठीवर त्यांनी फुलपाखरू काढलं.
हे तुमच्या गळ्यातलं. हेच सगळ्यांना पळवतंय.
मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढा मुकादम असतो,
याला काम सांगणारा. तो तर कधीचाच गप्प बसलाय,
बघा त्याचा आकडा, शून्य पूर्णांक शून्य एक.
मुकादम गप्प, मग हुकूम कुणाचा?
तुमच्याच रक्तातलं कुणीतरी
त्याच्या सहीची नक्कल करतंय.

मला हसू आलं.
आमच्या चौकातल्या पाटीवर
एका रात्री एक भाषा काळी होते, दुसऱ्या रात्री दुसरी,
सकाळी कुणी विचारत नाही
सही कुणाची.
दूधवाला येतो, माग सुरू होतात.

तसंच आतही.
यकृत साठवलेली साखर ओतत सुटलेलं.
इन्सुलिन आलं तरी टिकत नाही,
चहाआधीच उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
हाडातला चुना रोज थोडा खरवडून जातोय.
कोलेस्टेरॉल एवढं उतरलेलं
की लॅबमधला पोरगा म्हणाला, अक्का, अभिनंदन.

आणि डोळ्यांमागं सूज.
सूज म्हटलं की मला गुडघा आठवतो, सायकलवरून पडलेला.
ही न लागलेल्या माराची.
आपलेच पहारेकरी
आपल्याच दारावर काठ्या आपटतात,
आतल्याला बाहेरचा समजून.
आरशात मी कायम दचकलेली दिसते.
नवरा म्हणतो, रागावलीस का?
नाही ओ. बघतेय नुसती.

गोळ्या दोन तऱ्हेच्या. एक छातीला, एक फुलपाखराला.
घसा दुखला, ताप आला, तर
रात्री बारा वाजले तरी या, असं त्यांनी दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा मराठीत.

आज सहा आठवडे झाले. करंट गेलाय.
मी गल्लीच्या गप्पपणात बोटं ठेवते.
अठ्ठ्याण्णव.
अजून एकटाच चालतोय,
पण आता दोन ठोक्यांमध्ये
थोडी जागा ऐकू येते.

गंगव्वा तिकडून हातानं विचारते, कसंय?
परवागिल्ल, म्हणते मी.
तिच्या भाषेत ते ‘बरं आहे’.
माझ्या कानाला इतकी वर्षं
‘पर्वा नाही’सारखं लागत आलंय.
आज जीभ जरा अडखळली त्यावर.

तार तुटलेलीच आहे मागावर.
गाठ मारून ठेवते,
करंट यायच्या आत.
पहिली सुटली. दुसरी सुटली.